घटक ५ : प्रश्न आणि निषेध – एका दहा वर्षांच्या मुलीच्या पत्राचा भाषिक अभ्यास

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस
• प्रश्नवाक्य केवळ माहिती मागत नाही, तर ते एक भाषिक कृती घडवते, हे स्पष्ट करता येईल.
• मराठीतील ‘का’ या शब्दाच्या स्थानामुळे प्रश्नाच्या पूर्वगृहीतात होणारा बदल ओळखता येईल.
• ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या सर्वनामांतील भेद एखाद्या पत्राच्या आशयाशी कसा जोडलेला असतो, हे दाखवता येईल.
• शांततामय निषेधातील भाषेचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा यांची चर्चा करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण अर्ज, निवेदन आणि तक्रारपत्र या लेखनप्रकारांचा परिचय करून घेतला. या तिन्ही प्रकारांत लिहिणाऱ्याच्या हाती एखादा अधिकार असतो, हे आपल्या लक्षात आले असेल. ग्राहक म्हणून, मतदार म्हणून किंवा करदाता म्हणून तो लिहितो. त्याचे पत्र ज्या कार्यालयात जाते, त्या कार्यालयावर त्या पत्राची दखल घेण्याचे बंधनही असते.

प्रस्तुत घटकात ज्या पत्राचा विचार करावयाचा आहे, त्याच्या लेखिकेपाशी असा कोणताही अधिकार नव्हता. ती दहा वर्षांची होती. तिला मतदानाचा हक्क नव्हता, आणि असता तरी उपयोग नव्हता. कारण ज्यांना तिने पत्र लिहिले ते तिच्या देशाचे नेते नव्हते. तिच्या पत्राची दखल घेण्याचे बंधन जगात कोणावरही नव्हते. तरीही त्या पत्राला उत्तर आले. असे कशामुळे घडले असेल? याची राजकीय कारणे इतिहासाचे अभ्यासक सांगतील. आपण भाषेचे अभ्यासक आहोत. त्या पत्राच्या वाक्यरचनेत असे काय होते, हे आपणांस पाहावयाचे आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ पत्राची पार्श्वभूमी

१० नोव्हेंबर १९८२ रोजी सोव्हिएत संघाचे सर्वोच्च नेते लिओनिद ब्रेझनेव्ह यांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी युरी आंद्रोपोव्ह आले. आंद्रोपोव्ह यांनी त्यापूर्वी सुमारे पंधरा वर्षे केजीबी या गुप्तहेर संस्थेचे नेतृत्व केले होते. त्यामुळे अमेरिकेत त्यांच्याविषयी भीतियुक्त कुतूहल होते. तो काळ शीतयुद्धाचा होता. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्याकडे प्रत्येकी हजारो अण्वस्त्रे होती. त्याच वर्षी १२ जून रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये लाखो नागरिकांनी एकत्र येऊन अण्वस्त्रांना विरोध केला होता.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यातील मँचेस्टर या लहानशा गावी सामंथा स्मिथ ही मुलगी राहत होती. तिचा जन्म २९ जून १९७२ चा. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आंद्रोपोव्ह यांचे चित्र तिने पाहिले. लोकांना या माणसाची एवढी भीती वाटते, तर त्याला युद्ध करावयाचे आहे की नाही हे कोणी पत्र लिहून का विचारत नाही, असे तिने आईला विचारले. तूच का लिहीत नाहीस, असे आईने सुचवले. त्यातून हे पत्र जन्माला आले.

पत्र अगदी लहान आहे. त्याचा आशय असा : प्रारंभी ती आपले नाव आणि वय सांगते. नवे काम मिळाल्याबद्दल आंद्रोपोव्ह यांचे अभिनंदन करते. रशिया आणि अमेरिका यांच्यात अणुयुद्ध होईल, अशी काळजी आपल्याला वाटते, असे कळवते. नंतर विचारते की युद्ध व्हावे असे मत आपण देणार आहात की नाही. देणार नसाल, तर युद्ध होऊ नये म्हणून आपण काय करणार आहात, ते कृपया सांगावे. पुढच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही तरी चालेल, अशी सवलत देऊन ती म्हणते की आपणांस सारे जग, किंवा निदान आमचा देश, जिंकून का घ्यावयाचा आहे, हे जाणून घेण्याची माझी इच्छा आहे. शेवटी ती म्हणते की देवाने जग निर्माण केले ते सर्वांनी मिळून शांततेने राहावे म्हणून, भांडावे म्हणून नव्हे.

या पत्रात ‘निषेध’ हा शब्द नाही. घोषणा नाही, मागणीही नाही. आहेत ते प्रश्न. म्हणून प्रथम प्रश्न या वाक्यप्रकाराचा विचार करू.

५.२.२ प्रश्न : एक भाषिक कृती

इंग्लंडमधील तत्त्वचिंतक जे. एल. ऑस्टिन यांनी असे दाखवून दिले की आपण बोलतो तेव्हा केवळ काही सांगत नाही, तर काही करतही असतो. ‘मी वचन देतो’ असे म्हणणे म्हणजेच वचन देणे होय. पुढे जॉन सर्ल यांनी या विचाराची अधिक पद्धतशीर मांडणी केली. या विचारानुसार कोणत्याही उक्तीत तीन स्तर पाहता येतात : उच्चारलेले वाक्य, त्या वाक्याने बोलणाऱ्याने केलेली कृती आणि ऐकणाऱ्यावर झालेला परिणाम. ‘इथे फार उकडते आहे’ हे वाक्य घ्या. वाक्य हवामानाचे आहे, कृती बहुधा विनंतीची आहे आणि परिणाम असा की कोणीतरी उठून पंखा लावतो.

बहुतेक भाषिक कृतींना अधिकार लागतो. आज्ञा देण्यासाठी हुद्दा लागतो. शिक्षा सुनावण्यासाठी न्यायासन लागते. मागणी करण्यासाठी हक्क लागतो. प्रश्न विचारण्यासाठी मात्र फक्त न कळलेले असावे लागते, आणि ते लहान मुलापाशी मुबलक असते.

प्रश्नाचे दुसरे वैशिष्ट्य अधिक महत्त्वाचे आहे. विधान ऐकून गप्प बसता येते. प्रश्न ऐकून गप्प बसले, तर त्या गप्प बसण्यालाच अर्थ प्राप्त होतो. ग्रामसभेत कोणी ‘रस्ता खराब आहे’ असे म्हणाले आणि सरपंच काही बोलले नाहीत, तर सभा पुढे सरकते. परंतु ‘रस्ता कधी होणार?’ असे विचारल्यावर सरपंच गप्प बसले, तर सगळी सभा त्यांच्याकडे पाहू लागते. प्रश्न दुबळ्याला अधिकार देत नाही. परंतु समर्थाच्या मौनाचे तो उत्तर करून टाकतो.

सामंथाने याचा पुढचा टप्पाही गाठला. तिच्या पत्रातील काही भाग ‘प्रावदा’ या सोव्हिएत दैनिकात छापून आला. परंतु तिला उत्तर आले नाही. तेव्हा तिने अमेरिकेतील सोव्हिएत राजदूतांना दुसरे पत्र लिहिले आणि आंद्रोपोव्ह उत्तर देणार आहेत का, असे विचारले. म्हणजे न आलेल्या उत्तराविषयीही तिने प्रश्नच विचारला. एप्रिल १९८३ मध्ये आंद्रोपोव्ह यांचे सविस्तर पत्र तिला मिळाले.

स्वयंअध्ययन प्रश्न – १
(अ) भाषिक कृतीचे तीन स्तर कोणते?
(आ) आज्ञा आणि प्रश्न यांत अधिकाराच्या दृष्टीने कोणता भेद आहे?

५.२.३ दोन ‘का’

आता पुढील दोन वाक्ये मोठ्याने वाचून पाहा.

(१) तुम्ही युद्ध करणार आहात का?
(२) तुम्ही युद्ध का करणार आहात?

शब्द तेच आहेत. केवळ ‘का’चे स्थान बदलले आहे. पहिल्या वाक्यातील ‘का’ वाक्यान्ती आहे. तो संपूर्ण विधानाला प्रश्नार्थक करतो आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मागतो. दुसऱ्या वाक्यातील ‘का’ क्रियापदाच्या आधी आहे आणि तो कारण विचारतो. कारण विचारताना तो एक गोष्ट गृहीत धरून चालतो : तुम्ही युद्ध करणार आहात. प्रश्नाच्या पोटात दडलेल्या अशा न बोललेल्या विधानाला भाषाविज्ञानात पूर्वगृहीत असे म्हणतात.

पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणता येते. दुसऱ्या प्रश्नाला सरळ ‘नाही’ म्हणता येत नाही. उत्तर देणाऱ्याला आधी प्रश्नच नाकारावा लागतो.

सामंथाच्या पत्रात हे दोन्ही प्रकारचे प्रश्न आहेत. युद्ध व्हावे असे मत देणार आहात की नाही, हा पहिल्या प्रकारचा प्रश्न आहे. त्यात समोरच्या माणसाला मोकळी जागा आहे. जग का जिंकावयाचे आहे, हा दुसऱ्या प्रकारचा आहे. सोव्हिएत संघाला जग जिंकावयाचे आहे, हे त्यात गृहीत आहे. दहा वर्षांच्या मुलीने ही गोष्ट स्वतः शोधून काढलेली नाही. तिच्या भोवतालच्या प्रौढांच्या बोलण्यातून, वृत्तपत्रांतून आणि दूरदर्शनवरून ती तिच्या भाषेत शिरली. ‘मत देणे’ हा शब्दप्रयोगही असाच आहे. युद्धाचा निर्णय मतदानाने होतो, ही तिच्या देशातील राज्यपद्धतीतून आलेली कल्पना तिने दूरच्या एका वेगळ्या राज्यव्यवस्थेवर लावली.

लहान मुलाची वाणी निष्पाप असते, असे आपण सहज म्हणतो. भाषेचा अभ्यासक इतके सहज म्हणू शकत नाही. मूल आपली भाषा मोठ्यांकडून घेते, आणि भाषेबरोबर मोठ्यांची भीतीही घेते. सामंथाच्या पत्राचे मोल ते भीतीपासून मुक्त आहे यात नाही. ज्याची भीती वाटत होती त्यालाच तिने ती भीती प्रश्नाच्या रूपाने सांगितली, यात ते आहे.

५.२.४ उत्तराचे वाचन

आंद्रोपोव्ह यांनी उत्तरात मार्क ट्वेन यांच्या टॉम सॉयरच्या गोष्टीतील बेकी या धीट मुलीशी सामंथाची तुलना केली. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघ आणि अमेरिका एकाच बाजूने लढले, याची आठवण दिली. आपला देश अण्वस्त्रांचा प्रथम वापर कधीही करणार नाही, या जाहीर प्रतिज्ञेचा उल्लेख केला. आपल्या देशातील कामगार, शेतकरी, लेखक, डॉक्टर, मुले, मोठी माणसे यांपैकी कोणालाही मोठे वा छोटे युद्ध नको आहे, असे सांगितले आणि तिला सोव्हिएत संघाला भेट देण्याचे निमंत्रण दिले.

या उत्तराकडे आपण दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना आंद्रोपोव्ह यांनी, अपेक्षेप्रमाणे, पूर्वगृहीतच नाकारले : आम्हांला तसे काहीही करावयाचे नाही. परंतु तो प्रश्न पुन्हा मांडताना त्यांनी ‘जिंकून घेणे’ याऐवजी ‘युद्ध करणे’ असा शब्दप्रयोग केला. उत्तर देणारा प्रश्न कसा नव्याने लिहून घेतो, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. तसेच, कोणालाही छोटे युद्धसुद्धा नको असे ते लिहीत होते, त्या वेळी सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात लढत होते. डिसेंबर १९७९ पासून ते तेथे होते. पत्रात त्याचा उल्लेख नाही. वाचकाने पत्रात लिहिलेले वाचावे, तसे न लिहिलेलेही वाचावे.

जुलै १९८३ मध्ये सामंथा आईवडिलांसह दोन आठवडे सोव्हिएत संघात गेली. तिने मॉस्को आणि लेनिनग्राड पाहिले. क्रिमियातील आर्तेक या मुलांच्या शिबिरात ती इतर मुलींबरोबरच राहिली. आजारी असलेल्या आंद्रोपोव्ह यांची प्रत्यक्ष भेट झाली नाही. तेथील लोकांनाही आपल्याइतकीच शांतता हवी आहे, असे ती परतल्यावर सांगू लागली. सोव्हिएत प्रचारासाठी या मुलीचा वापर झाला, अशी टीका अमेरिकेत झाली. ती टीका निराधार म्हणता येणार नाही. तिचे स्वागत करणाऱ्यांना स्वतःची प्रतिमा उजळावयाची होतीच. परंतु एखाद्या प्रश्नाचा कोणी उपयोग करून घेतला, म्हणून तो प्रश्न खोटा ठरत नाही.

५.२.५ ‘आम्ही’कडून ‘आपण’कडे

आता या पत्राच्या सर्वांत महत्त्वाच्या भाषिक विशेषाकडे वळू. हा विशेष मूळ इंग्रजी पत्रात दिसत नाही. तो मराठीत भाषांतर करू लागताच समोर येतो.

इंग्रजीत प्रथम पुरुषी अनेकवचनाचे सर्वनाम एकच आहे. मराठीत दोन आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळलेला असतो. ‘आपण’ म्हणताना तो समाविष्ट असतो. ‘आम्ही जेवायला जातो’ असे पाहुण्याला म्हटले, तर तो उपाशी राहील. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटले, तर तो उठून हात धुवील. शिवाय, समोरच्या व्यक्तीला आदराने संबोधण्यासाठीही मराठी ‘आपण’ हेच सर्वनाम वापरते.

सामंथाच्या पत्राचा शेवट भाषांतरित करताना अनुवादकाला निवड करावी लागते. ‘निदान आमचा देश’ या ठिकाणी ‘आपला देश’ असे लिहिता येणार नाही, कारण आंद्रोपोव्ह त्या देशाचे नाहीत. येथे ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांच्यात सीमारेषा आहे. परंतु लगेच पुढच्या वाक्यात, सर्वांनी मिळून राहावे असे ती म्हणते, तेथे ‘आम्ही’ लिहिले तर वाक्याचा अर्थच नष्ट होतो. तेथे ‘आपण’ असेच लिहावे लागते, आणि त्या ‘आपण’मध्ये आंद्रोपोव्हही येतात. इंग्रजीतल्या एकाच सर्वनामाआड झाकलेली ही हालचाल मराठीत उघडी पडते. दोन वाक्यांच्या अंतरात ती मुलगी ‘आमच्या’तून ‘आपल्या’त आली आहे. अण्वस्त्रांना तिचा जो निषेध आहे, तो या एका पावलात आहे; कारण अण्वस्त्र ‘आम्ही’ आणि ‘ते’ यांचा भेद मानते, तोपर्यंतच ते डागता येते.

ही कल्पना पुढे तिनेच अधिक ठोस केली. डिसेंबर १९८३ मध्ये जपानमधील कोबे येथे मुलांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलताना तिने असे सुचवले की अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या नेत्यांनी दरवर्षी दोन आठवड्यांसाठी आपापल्या नाती एकमेकांच्या देशात पाठवाव्यात. ज्या देशात आपली नात राहते आहे, त्या देशावर बॉम्ब टाकावा असे कोणत्या नेत्याला वाटेल? समावेशक ‘आपण’चे हे व्यवहारातले रूप होय.

५.२.६ तुलना : हिरोशिमाचे कागदी करकोचे

मुलांशी निगडित असलेल्या अण्वस्त्रविरोधाचे दुसरे प्रसिद्ध उदाहरण जपानमधले आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा सादाको सासाकी ही दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला. हजार कागदी करकोचे केल्यास इच्छा पूर्ण होते, या जपानी समजुतीनुसार ती रुग्णालयात करकोचे करीत राहिली. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या बाराव्या वर्षी, तिचे निधन झाले. तिच्या वर्गमित्रांनी पुढाकार घेतला, जपानभरच्या शाळकरी मुलांनी वर्गणी दिली आणि ५ मे १९५८ रोजी हिरोशिमाच्या शांतता उद्यानात मुलांच्या स्मारकाचे अनावरण झाले.

सादाकोचा करकोचा तिच्या स्वतःच्या दृष्टीने निषेध नव्हता. ती जगण्याची इच्छा होती. त्याला निषेधाचा अर्थ दिला तो मागे राहिलेल्या मुलांनी. करकोचा हे चिन्ह आहे. त्याला व्याकरण नाही, म्हणून त्याला भाषांतर लागत नाही. परंतु ते कोणाला उद्देशून नसल्यामुळे त्याला उत्तर देण्याचे दायित्वही कोणावर येत नाही. पत्राचे याच्या उलट आहे. पत्राला पत्ता असतो.

स्वयंअध्ययन प्रश्न – २
(अ) ‘रस्त्याचे काम अर्धवट का सोडले?’ या प्रश्नाचे पूर्वगृहीत लिहा.
(आ) ‘आमचा देश’ या जागी ‘आपला देश’ असे भाषांतर का करता येत नाही?

५.२.७ पत्राने काय झाले?

संपर्कसत्रात या पत्राची चर्चा झाली की एक प्रश्न हमखास विचारला जातो : सर, पत्राने बॉम्ब कमी झाले का? हा प्रश्न विचारणारे विद्यार्थी बहुधा नोकरी-संसार सांभाळून शिकणारे असतात. त्यांनी स्वतः पुष्कळ अर्ज लिहिलेले असतात आणि उत्तराची वाटही पाहिलेली असते. त्यांची फसवणूक होऊ नये, असे उत्तर देणे आवश्यक आहे.

बॉम्ब कमी झाले नाहीत. उलट १९८३ हे वर्ष अधिकच तणावाचे ठरले. सप्टेंबरमध्ये सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडले आणि २६९ जणांचा मृत्यू झाला. वर्षअखेरीस पश्चिम युरोपात नवी अमेरिकी क्षेपणास्त्रे तैनात होऊ लागली. मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार डिसेंबर १९८७ मध्ये झाला, परंतु त्याचे श्रेय या पत्राला देणे हे अभ्यासकाला शोभणारे नाही. तो करार पाहण्यास सामंथाही नव्हती. २५ ऑगस्ट १९८५ रोजी मेन राज्यात झालेल्या विमान अपघातात वडिलांसह तिचा मृत्यू झाला. ती तेरा वर्षांची होती. रेगन आणि गोर्बाचेव्ह या दोघांनीही शोकसंदेश पाठवले. सोव्हिएत संघाने तिच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. पुढच्या वर्षी कात्या लिचेवा ही सोव्हिएत मुलगी शांततेचा संदेश घेऊन अमेरिकेला गेली.

मग कृती वाया गेली काय? येथे ऑस्टिन यांचा भेद उपयोगी पडतो. कृती आणि परिणाम हे वेगळे स्तर आहेत. परिणाम बोलणाऱ्याच्या हाती नसतो, कृती असते. जो प्रश्न राजनीतिज्ञांनीच विचारावा असे मानले जात होते, तो शाळकरी मुलीलाही विचारता येतो आणि त्याला उत्तर द्यावे लागते, एवढे त्या पत्राने सिद्ध केले. हे थोडे आहे. परंतु ज्यांच्यापाशी इतर कोणतेही साधन नाही, त्यांच्यासाठी ते थोडे नाही.

५.३ सारांश

प्रश्न ही भाषिक कृती असून तिच्यासाठी अधिकाराची पूर्वअट नसते. मात्र ती ऐकणाऱ्यावर उत्तराचे दायित्व टाकते. ‘का’च्या स्थानानुसार प्रश्नाचे पूर्वगृहीत बदलते आणि उत्तर देणाऱ्याचे स्वातंत्र्यही बदलते. सामंथा स्मिथ हिच्या पत्रात तिच्या समाजाची पूर्वगृहीते आहेत, तसेच त्यांच्या पलीकडे नेणारे समावेशक ‘आपण’ही आहे. निषेधाचे यश केवळ परिणामावर मोजू नये आणि त्याच्या मर्यादाही झाकू नयेत.

५.४ पारिभाषिक शब्द

भाषिक कृती : उक्तीद्वारा घडणारे कार्य, उदा. वचन, आज्ञा, विनंती, प्रश्न.
पूर्वगृहीत : वाक्यात स्पष्टपणे न सांगता गृहीत धरलेले विधान.
समावेशक सर्वनाम : ऐकणाऱ्याला सामावून घेणारे प्रथम पुरुषी अनेकवचनी सर्वनाम, मराठीत ‘आपण’.

५.५ स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) उच्चारलेले वाक्य, त्याने केलेली कृती, ऐकणाऱ्यावर झालेला परिणाम. (आ) आज्ञेसाठी हुद्दा किंवा अधिकार लागतो. प्रश्नासाठी तो लागत नाही.
प्रश्न २ : (अ) रस्त्याचे काम अर्धवट सोडलेले आहे. (आ) ‘आपला’ हे सर्वनाम ऐकणाऱ्याला सामावून घेते. आंद्रोपोव्ह त्या देशाचे नसल्याने येथे ‘आमचा’ हेच योग्य ठरते.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘प्रश्न समर्थाच्या मौनाचे उत्तर करून टाकतो’ या विधानाची आपल्या अनुभवातील उदाहरणासह चर्चा करा.
२. पत्र आणि कागदी करकोचा या निषेधाच्या दोन रूपांची भाषिक दृष्टीने तुलना करा.
३. उपक्रम : आपल्या गावातील किंवा वस्तीतील एका अडचणीविषयी संबंधित अधिकाऱ्यांना दहा ओळींचे पत्र लिहा. त्यात एकही मागणी नसावी. केवळ दोन प्रश्न असावेत, एक वाक्यान्ती ‘का’ असलेला आणि दुसरा कारण विचारणाऱ्या ‘का’चा. दुसऱ्या प्रश्नातील पूर्वगृहीत सत्य आहे याची खात्री करून घ्या आणि मगच पत्र पाठवा. पत्राची एक प्रत संपर्कसत्रास येताना सोबत आणा. उत्तर आले असल्यास तेही आणा.